जुने व्हॉल्व्ह की नवे? ट्यूब अ‍ॅम्पवाल्यांनी पैसे कुठे घालावेत

ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, घरी आला की थोड्याच दिवसांत प्रत्येक गिटारवाल्याला एक प्रश्न छळायला लागतो. आत बसवलेले नवे व्हॉल्व्ह काढून पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे जुने घातले, तर आवाज खरंच सुधारतो का? कुणालाही विचारा, दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक जण सांगतो की मुलार्ड या इंग्लिश कंपनीच्या जुन्या व्हॉल्व्हशिवाय अ‍ॅम्पला अर्थच नाही. दुसरा सांगतो की ही सगळी अंधश्रद्धा आहे, मिळेल तो नवा घाला आणि वाजवत सुटा. सोलापुरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आपल्याकडे रेडिओ दुरुस्तीच्या जुन्या दुकानांत आणि घरोघरच्या माळ्यांवर व्हॉल्व्ह अजून पडून आहेत, आणि त्यांतले काही थेट गिटार अ‍ॅम्पमध्ये चालतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. व्हॉल्व्ह कोणत्या साली बनला, यापेक्षा तो अ‍ॅम्पमध्ये कोणत्या जागी बसणार आणि आज त्याची तब्येत कशी आहे, हे बघा. जुन्या व्हॉल्व्हवर पैसे घालायची खरी जागा एकच, गिटारच्या जॅकला लागून असलेलं पहिलं सॉकेट. बाकी ठिकाणी चांगल्या दुकानातून तपासून घेतलेला नवा व्हॉल्व्ह बहुतेकांना पुरतो. हे नुसतं माझ्या शब्दावर घेऊ नका. काचेच्या आत काय चालतं ते एकदा समजलं की तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

काचेच्या आत

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून बंद केलेली काचेची नळी. मधोमध निकेलची बारीक पोकळ नळी असते, ती कॅथोड. तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप आणि पोटात हीटरची तार. हीटर लाल झाला की लेप तापतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरच्या बाजूला धातूची प्लेट असते. तिच्यावर छोट्या व्हॉल्व्हमध्ये दोनशे-तीनशे आणि मोठ्यांत चारशे-पाचशे व्होल्ट चढवलेले असतात, म्हणून इलेक्ट्रॉन तिकडे धाव घेतात. या दोघांच्या मध्ये, कॅथोडला जवळजवळ खेटून, अतिशय बारीक तारेचं वेटोळं असतं. तो ग्रिड. गिटारचा सिग्नल या ग्रिडवर जातो.

उसाला दारं धरलेल्या माणसाला पुढचं लगेच कळेल. पाटाला पाणी जोरात असतं, आपण खोऱ्याने दाराशी थोडीशी माती सरकवतो आणि अख्ख्या सरीचं पाणी कमी-जास्त होतं. जोर सगळा पाण्याचा, आपण हलवतो ती फक्त माती. ग्रिडवरचा व्होल्टेजचा इवलासा बदल प्लेटकडे जाणारा प्रवाह असाच हलवतो. ली डी फॉरेस्टने १९०६ साली व्हॉल्व्हमध्ये हा तिसरा भाग घातला आणि इलेक्ट्रॉनिक अ‍ॅम्प्लिफायरची वाट मोकळी झाली.

गिटार अ‍ॅम्पमधला सगळ्यात ओळखीचा छोटा व्हॉल्व्ह म्हणजे १२एएक्स७. युरोपातलं त्याचं नाव ईसीसी८३. एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे कॅथोड, ग्रिड आणि प्लेट यांचे दोन संच असतात. कागदावर त्याचा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर १०० लिहिलेला असतो, पण नेहमीच्या सर्किटमध्ये एका टप्प्याला सुमारे ६० पट वाढ मिळते. ईएल८४, ईएल३४, ६व्ही६, ६एल६ हे मोठे भाऊ, म्हणजे पॉवर व्हॉल्व्ह. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमार्फत स्पीकर हलवायचं काम त्यांचं.

आता पहिल्या सॉकेटचं महत्त्व बघा. पिकअपमधून येणारा सिग्नल व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपासचा, जोरात तार छेडली तर त्याच्या काही पट. तो पहिल्या व्हॉल्व्हमध्ये ६० पट होतो, मग टोन कंट्रोलमध्ये थोडा पडतो, मग पुन्हा वाढतो, मग पॉवर व्हॉल्व्हकडे जातो. पहिल्या व्हॉल्व्हने स्वतःची जी काही सळसळ, गुणगुण किंवा ठणठण घातली असेल, ती पुढच्या प्रत्येक टप्प्यात सिग्नलसोबतच मोठी होते. शेवटच्या टप्प्याजवळच्या व्हॉल्व्हने तेवढीच सळसळ केली तर ती ऐकूही येत नाही. म्हणून पॉवर व्हॉल्व्हच्या शेजारचा छोटा व्हॉल्व्ह, म्हणजे फेज इन्व्हर्टर, थोडा आवाज करणारा असला तरी चालून जातं. तुमच्याकडे असा एखादा असेल तर फेकू नका, त्या जागी घाला.

तेव्हाचे कारखाने

आरसीए या अमेरिकन कंपनीने १२एएक्स७ बाजारात आणला तो १९४७ च्या सुमारास. ६एल६ त्याहून जुना, १९३६ चा. त्या काळात रेडिओ, टीव्ही, टेलिफोन एक्सचेंज, रडार, लष्करी वायरलेस सगळं व्हॉल्व्हवर चालायचं. गिटारवाले हे गिऱ्हाइकांत कुठल्या कोपऱ्यात होते. कारखान्यांत कोट्यवधी नग निघायचे आणि मोठं गिऱ्हाईक म्हणजे सैन्य किंवा टेलिफोन कंपनी. खराब माल गेला तर ऑर्डर जाणार. त्यामुळे प्रत्येक कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ आणि धातूंचे जाणकार नोकरीला होते.

त्यांचं काम किती बारीक होतं हे कॅथोडवरून कळतं. त्या निकेलमध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन अगदी किंचित प्रमाणात मिसळलेलं असतं. त्याचं प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तर लेप लवकर मरतो किंवा व्हॉल्व्ह सळसळायला लागतो. लेप चढवताना तो ऑक्साइड नसतोच, कार्बोनेट असतो. हवा ओढून घेताना कॅथोड तापवतात, कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पंप तो ओढतो आणि ऑक्साइड मागे राहतो. ग्रिड बनवताना दोन बारीक खांबांवर आधी खाचा पाडतात, त्या खाचांत तार बसवतात आणि खाच दाबून बंद करतात. वेटोळ्यांतलं अंतर जरा चुकलं की एकाच पेटीतले दोन व्हॉल्व्ह वेगळे वागतात. जोडणीच्या टेबलांवर बहुतेक बायका असायच्या, भिंगाखाली चिमट्याने एकेक भाग बसवायच्या. शेवटी काच वितळवून बंद केली की बाहेरून इंडक्शन कॉइलने गेटर तापवायचा. त्यातलं बेरियम उडतं आणि काचेला आतून चांदीसारखा मुलामा बसतो. उरलीसुरली हवा हा मुलामा पुढे आयुष्यभर शोषत राहतो.

मुलार्डचा मोठा कारखाना इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला होता. ब्लॅकबर्न हे मुळात लँकेशायरमधलं सुती कापडाचं गाव. कारखाना बंद पडला की यंत्रं भंगारात जातात आणि कसब माणसांबरोबर घरी जाऊन बसतं, हे लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी गिरण्यांच्या गावाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ट्रान्झिस्टर आल्यावर व्हॉल्व्हच्या कारखान्यांचं हेच झालं. टेलिफुंकेन, आरसीए, जीई, सिल्व्हेनिया, अ‍ॅम्परेक्स एकेक करून या धंद्यातून बाहेर पडले. त्यांनी बनवलेला आणि न वापरता खोक्यात राहिलेला माल म्हणजे आज ज्याला ‘एनओएस’ (न्यू ओल्ड स्टॉक) म्हणतात तो.

आजचे कारखाने आणि नावांचा घोटाळा

आज गिटार अ‍ॅम्पसाठी मोठ्या प्रमाणात व्हॉल्व्ह मोजक्याच ठिकाणी बनतात. स्लोव्हाकियात जेजे, रशियात साराटोव्ह इथला रिफ्लेक्टर कारखाना, चीनमध्ये चांग्शा भागात शुगुआंग आणि पीस्वेन. जेजेने सुरुवात केली ती जुन्या चेकोस्लोव्हाकियातल्या टेस्ला कारखान्याच्या यंत्रांवर, म्हणजे परंपरा तुटलेली नाही. गिऱ्हाईक मात्र बदललं. आता घेणारे गिटारवाले आणि हाय-फायचे शौकीन एवढेच. सैन्यासारखा कडक तपासनीस राहिलेला नाही, नगांची संख्या कमी, आणि खास धातूंचे पुरवठादार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

म्हणून नव्या व्हॉल्व्हची खरी अडचण आवाजाची कमी आणि सातत्याची जास्त आहे. एक नग उत्तम निघतो, शेजारचा सळसळतो, तिसरा दोन आठवड्यांत जातो. उपाय सोपा आहे. निवडून, तपासून आणि काही तास चालवून विकणाऱ्या दुकानातून घ्या आणि बदलून देण्याची हमी मागा. जरा जास्त पैसे जातात, पण ते वसूल होतात.

आता नावांचं. आज दुकानात ‘मुलार्ड’, ‘टंग-सोल’, ‘गोल्ड लायन’ असं लिहिलेलं नवं कोरं खोकं दिसलं, तर आतला व्हॉल्व्ह साराटोव्हचा असतो. ही जुनी नावं न्यू सेन्सर या अमेरिकन कंपनीकडे आहेत आणि सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स हेही तिचेच ब्रँड. हे व्हॉल्व्ह वाईट आहेत असं अजिबात नाही, काही फार चांगले आहेत. पण खोक्यावर मुलार्ड वाचून ब्लॅकबर्नच्या व्हॉल्व्हचे पैसे मोजलेला माणूस मी पाहिलाय, आणि तेव्हा फार वाईट वाटतं. साराटोव्हवर एवढे ब्रँड अवलंबून असण्याचा दुसरा परिणाम मार्च २०२२ मध्ये दिसला. रशियाने निर्यातबंदी घातली, जगभर व्हॉल्व्हचा तुटवडा पडला आणि भाव कडाडले. पुढे माल पुन्हा यायला लागला, पण जुने भाव काही परत आले नाहीत.

खरा जुना ओळखायचा तर छापावर जाऊ नका. वरचा छाप बोटाने पुसला जातो आणि नवा मारताही येतो. फिलिप्सच्या गटातल्या व्हॉल्व्हवर (मुलार्ड आणि अ‍ॅम्परेक्सही त्यातच) काचेवर खाली राखाडी रंगाचा बारीक कोड असतो, दोन ओळींचा. पहिल्या ओळीत प्रकार, दुसऱ्या ओळीत आधी कारखान्याची खूण आणि मग तारीख. ‘बी’ म्हणजे ब्लॅकबर्न, त्रिकोण म्हणजे हॉलंडमधलं हेर्लेन. टेलिफुंकेनच्या ईसीसी८३ च्या तळाला, पिनांच्या मधोमध, काचेतच उमटवलेला पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार असतो. याचीही नक्कल होते, म्हणून नुसत्या एका खुणेवर भरवसा नको. आतल्या प्लेटचा आकार आणि गेटरची रिंग खात्रीच्या फोटोशी ताडून बघा. जुन्या काळी कंपन्या एकमेकींचा माल आपल्या खोक्यात घालून विकायच्या, त्यामुळे आरसीएच्या खोक्यात दुसऱ्याच कारखान्याचा व्हॉल्व्ह निघाला तर ती दर वेळी फसवणूक असेलच असं नाही.

आपल्या गावातले जुने व्हॉल्व्ह

मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो तो हा भाग. भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे बीईएल, १९५४ साली बेंगळुरूत उभी राहिली आणि १९६१ पासून तिथे फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह बनायला लागले. मर्फी, बुश, फिलिप्सच्या ज्या रेडिओंवर आपल्या आजोबांनी बातम्या ऐकल्या, त्यांत हे व्हॉल्व्ह असायचे. त्यांतला ईएल८४ हा तोच, ज्याचे इंग्लंडच्या व्हॉक्स एसी१५ अ‍ॅम्पमध्ये दोन आणि एसी३० मध्ये चार नग असतात. बीईएलचा ईसीसी८३ तर परदेशातले गिटारवालेही हौसेने शोधतात. आपल्याकडे तो खिळ्यामोळ्यांच्या डब्यात सापडतो.

पण घेताना अक्षरं नीट वाचा. युरोपियन पद्धतीत पहिलं अक्षर हीटरचं असतं. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, आणि गिटार अ‍ॅम्पला हाच लागतो. ‘यू’ आणि ‘पी’ म्हणजे सगळे हीटर एका माळेत जोडलेल्या सेटचे व्हॉल्व्ह, यू १०० मिलिअँपिअरचे आणि पी ३०० चे. ‘डी’ बॅटरीच्या रेडिओचे. पुढची अक्षरं आत काय आहे ते सांगतात: ‘सी’ ट्रायोड, ‘सीसी’ दोन ट्रायोड, ‘एल’ पॉवर पेंटोड, म्हणजे पाच भागांचा पॉवर व्हॉल्व्ह. आकडा ८ ने सुरू झाला तर नऊ पिनांचं छोटं सॉकेट, ३ ने सुरू झाला तर आठ पिनांचं मोठं. ईसीसी८३ आणि ईएल३४ ही नावं आता तुम्ही स्वतः वाचू शकता.

हे वाचणं किती कामाला येतं ते सांगतो. एका जुन्या रेडिओच्या दुकानात आण्णांनी ड्रॉवरमधून कागदात गुंडाळलेला व्हॉल्व्ह काढून माझ्यासमोर ठेवला. “घ्या की, चौऱ्याऐंशीच आहे.”

मी उजेडात धरला. “आण्णा, हा यूएल८४ आहे. मला ईएल पाहिजे.”

त्यांनी चष्मा लावून काच फिरवली. “व्हय, यू हाय. तुमच्या मशीनला सहा व्होल्टचा लागतो काय? मग हा उपेगाचा नाही, ह्याला पंचेचाळीस लागतात.” आणि दुसऱ्या ड्रॉवरमधून बरोबर ईएल८४ काढून दिला, बीईएलचा, खोक्यासकट. यूएल८४ च्या हीटरला ४५ व्होल्ट लागतात हे त्यांना तोंडपाठ होतं. अशा माणसांकडे जाऊन बसा, त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे.

व्हॉल्व्ह हातात आल्यावर आधी गेटर बघा. चांदीसारखा किंवा काळपट चकचकीत असेल तर ठीक. दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरलीय, तो व्हॉल्व्ह संपला. गेटरचा मुलामा मोठा आहे की लहान, यावरून उरलेलं आयुष्य मात्र कळत नाही, विकणारा काहीही म्हणो. पिना वाकलेल्या किंवा गंजलेल्या नकोत. ‘एनओएस’ आणि ‘एनओएससारखा टेस्ट होतो’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्याचा अर्थ वापरलेला. साधा टेस्टर फक्त कॅथोडमधून पुरेसे इलेक्ट्रॉन निघतात का ते सांगतो. ट्रान्सकंडक्टन्स, म्हणजे ग्रिडवरच्या एका व्होल्टला प्लेटचा प्रवाह किती बदलतो ते, मोजणारा टेस्टर जास्त खरं सांगतो. १२एएक्स७ साठी २५० व्होल्ट प्लेटवर १.६ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट हा पुस्तकी आकडा. सळसळ आणि ठणठण यांबद्दल मात्र दोन्ही टेस्टर मुके आहेत, ते अ‍ॅम्पमध्ये घालूनच कळतं. अ‍ॅम्प चालू ठेवून, आवाज थोडा वाढवून लाकडी पेन्सिलीने छोट्या व्हॉल्व्हला हलकी टिचकी मारा. थोडा टकटक आवाज प्रत्येकात येतो. टिचकीनंतर आवाज घंटेसारखा रेंगाळत राहिला, तर तो व्हॉल्व्ह पहिल्या सॉकेटला नको. स्पीकर आणि अ‍ॅम्प एकाच पेटीत असलेल्या कॉम्बोमध्ये हे फार जाणवतं. लांब प्लेटचे जुने ईसीसी८३ ऐकायला सुंदर असतात, पण कॉम्बोच्या हादऱ्यात त्यांतले बरेच ठणठणतात.

लाउडस्पीकरवाल्यांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधले ईएल३४ कधी कधी स्वस्तात मिळतात. ते घेऊ नका असं मी म्हणेन. गणपती, शिवजयंती, गड्ड्याची यात्रा असा वर्षानुवर्षं पूर्ण जोर लावून ते वाजलेले असतात, आत फारसं काही उरलेलं नसतं.

आणि एक विनंती. चालू स्थितीतला, सगळे भाग जागेवर असलेला रेडिओ दोन व्हॉल्व्हसाठी फोडू नका. असे रेडिओ आता बनत नाहीत, आणि ते जपणारी माणसंही आपल्याच गावात आहेत.

पॉवर व्हॉल्व्ह

छोटा व्हॉल्व्ह बरा मिळाला तर दहा हजार तासही जातो. पॉवर व्हॉल्व्ह जोरात वाजवल्यास एक-दोन हजार तासांत थकतो. जी वस्तू झिजणारच आहे तिच्यासाठी संग्राहकाचे भाव मोजणं मला पटत नाही. चांगल्या, जुळवलेल्या नव्या जोडीत घालून उरलेले पैसे पहिल्या सॉकेटसाठी ठेवा. खोक्यातला न वापरलेला बीईएलचा ईएल८४ रास्त भावात मिळाला तर ती वेगळी गोष्ट, तो आनंदाने घ्या. रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचं डीसी करणारा) वापरणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये जुना जीझेड३४ नव्यापेक्षा जास्त टिकतो असा अनुभव जगभरच्या दुरुस्तीवाल्यांचा आहे. तिथे जुन्याला थोडे जास्त मोजले तरी हरकत नाही.

ईएल३४ किंवा ६एल६ बदलले की बहुतेक अ‍ॅम्पमध्ये बायस पुन्हा लावावा लागतो, म्हणजे सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून किती प्रवाह जातो ते ठरवावं लागतं. प्रवाह जास्त असेल तर प्लेट लाल होते. लाल प्लेट दिसली की ताबडतोब अ‍ॅम्प बंद करा. काचेच्या आतल्या भिंतीवरची निळी चमक पुष्कळदा निरुपद्रवी असते. प्लेटच्या आत, इलेक्ट्रोडच्या मध्ये जांभळट धुरासारखा प्रकाश दिसला तर आत वायू शिरलाय. एसी१५ सारख्या कॅथोड बायसच्या, म्हणजे हा प्रवाह आपोआप सांभाळणाऱ्या अ‍ॅम्पला बायस लावावा लागत नाही. छोट्या प्रीअ‍ॅम्प व्हॉल्व्हला तर कुठेच नाही.

मग आवाजात फरक असतो की नाही

असतो. पण लोक सांगतात तेवढा क्वचितच, आणि कारण पुष्कळदा वेगळंच असतं. दोन १२एएक्स७ मध्ये गेनचा, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो याचा, थोडा फरक असतो. जास्त गेनचा व्हॉल्व्ह थोडा मोठा वाजतो आणि मोठा आवाज कानाला चांगला वाटतो. तुलना करताना आधी दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणा. मित्राला व्हॉल्व्ह बदलायला सांगा, कोणता घातलाय ते विचारू नका, आणि मग ओळखून दाखवा. बरेच वाद इथेच मिटतात.

दुसरं कारण कपॅसिटन्सचं, म्हणजे चार्ज साठवून ठेवण्याच्या क्षमतेचं. ग्रिड आणि प्लेट यांच्यात दीड पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स असते. ती गेनने गुणली जाते, त्यामुळे पिकअपला ती शंभरच्या घरात दिसते आणि वरचे सूर किंचित खाते. प्लेटच्या बांधणीप्रमाणे आणि गेनप्रमाणे हा आकडा बदलतो, म्हणून एक व्हॉल्व्ह जरा उजळ वाटतो आणि दुसरा जरा दबका. फरक खरा आहे, पण लहान. गिटारची केबल दोन मीटरने कमी केली तरी त्याहून मोठा फरक पडतो.

मोठा फरक हवा असेल तर प्रकार बदला. पहिल्या सॉकेटमध्ये १२एएक्स७ ऐवजी ५७५१ घातला तर फॅक्टर १०० वरून ७० वर येतो. १२एटी७ ६०, १२एवाय७ ४४. फेंडरच्या पन्नाशीच्या दशकातल्या ट्वीड अ‍ॅम्पमध्ये पहिल्या जागी १२एवाय७ च असायचा, आणि तो मोकळा, उशिरा फाटणारा आवाज पुष्कळसा त्याचा आहे. या बदलासाठी जुना, महाग व्हॉल्व्ह लागत नाही.

एका जागी मात्र बांधणीचा फरक उघड दिसतो. मार्शल आणि फेंडर बेसमनच्या पद्धतीत टोन कंट्रोलच्या आधी कॅथोड फॉलोअर, म्हणजे सिग्नल प्लेटऐवजी कॅथोडवरून पुढे देणारा टप्पा असतो. तिथे कॅथोडच दीडशेहून जास्त व्होल्टवर बसलेला असतो आणि हीटर जमिनीच्या पातळीला. दोघांच्या मध्ये फक्त पातळ इन्सुलेशन. काही नवे व्हॉल्व्ह या जागी गुणगुणतात किंवा लवकर जातात. घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा, कॅथोड फॉलोअरला चालतो का.

आपल्या लाइटीचं काय

सोलापुरातल्या माणसाने व्हॉल्व्हच्या सालाआधी भिंतीतलं व्होल्टेज बघावं. हीटरला ६.३ व्होल्ट हवेत, दहा टक्के वर-खाली ही मर्यादा, पाच टक्क्यांत राहिलं तर उत्तम. २३० ला जोडलेल्या अ‍ॅम्पला रात्री उशिरा २५० मिळाले तर हीटरवर ६.८५ होतात आणि प्लेटवरचे ४५० व्होल्ट ४९० च्या जवळ जातात. एप्रिल-मेमध्ये सगळीकडे कूलर चालू असताना व्होल्टेज २०० वर आलं तर हीटरला जेमतेम ५.५ उरतात, कॅथोड नीट तापत नाही आणि त्याचा लेप खराब होतो. असं महिनोन्महिने चाललं तर ब्लॅकबर्नचा काय आणि साराटोव्हचा काय, दोन्ही लवकर जातात. चांगला सर्व्हो स्टॅबिलायझर हा सगळ्यात फायद्याचा खर्च आहे. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर अ‍ॅम्पच्या वॅटेजपेक्षा बराच मोठा घ्या, कारण आपल्या ५० हर्ट्झवर ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. उन्हाळ्यात अ‍ॅम्पच्या मागे हाताची वीत तरी जागा मोकळी सोडा, आणि लाइट गेली तर अ‍ॅम्पचं बटण आधी बंद करा, म्हणजे ती झटक्याने परत आली तरी अ‍ॅम्पला धक्का बसणार नाही.

हीटरचं व्होल्टेज मोजायचं काम जाणकाराकडूनच करून घ्या. ईएल३४ च्या सॉकेटवर हीटर २ आणि ७ नंबरच्या पिनांवर असतो आणि शेजारच्याच ३ नंबरवर प्लेटचे ४०० ते ५०० व्होल्ट. मीटरची टोचणी जरा घसरली की जीवावर बेततं, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहतो. तंत्रज्ञाकडे अ‍ॅम्प नेताना भिंतीतलं व्होल्टेज दुपारी किती आणि रात्री किती असतं हे दोन आकडे लिहून न्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा २३० चा टॅप ठेवायचा की २४० चा, हे तो तिथेच ठरवू शकतो.